ऑक्टाव्हिया आरएसचा इंजेक्टर: आधी दोष पक्का करा, मग पाना उचला

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ च्या आसपास आली. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, टर्बो, दीडशे अश्वशक्ती. इंदुरात ज्या थोड्या गाड्या उरल्या आहेत त्यांनी वीस वर्षं ओलांडली, आणि बहुतेक आता फक्त रविवारी बाहेर निघतात. आठवडेच्या आठवडे उभं राहणं, मे महिन्यातलं तापलेलं पार्किंग आणि मधल्या काळात बदललेलं पेट्रोल, या तिन्हीचा पहिला मार इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर बसतो.

या इंजिनात इंजेक्टर बदलणं अवघड नाही. फ्यूएल रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे, हाताला सहज लागेल अशी आहे. शांतपणे केलं तर दोन तासांत काम होतं. पण चांगला इंजेक्टर काढून फेकला जातो आणि गाडी तशीच मिस मारत राहते, हे फार वेळा घडतं, कारण दोष प्लगला ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचा किंवा पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा असतो. म्हणून इथे निदानावर जास्त जागा खर्च केली आहे.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. हे सगळं इंटेकमध्ये फवारा मारणाऱ्या, सुमारे तीन बार दाबाच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. फियाट पॅलिओ १.६, जुनी होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी सेडिया यांनाही पद्धत हीच लागू पडते. आकडे मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. लॉरा आरएस किंवा नंतरच्या टीएसआय इंजिनांना हे लागू नाही. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, रेलमधला दाब शंभर बारच्या वर जातो, आणि इंजेक्टरच्या टोकाची टेफ्लॉन सील बसवायला खास हत्यारं लागतात. ते काम घरी करू नका.

इंजेक्टर बिघडतो म्हणजे काय होतं

इंजेक्टर ही विजेने उघडणारी तोटी आहे. आत तांब्याच्या तारेची कॉइल, स्प्रिंगने दाबून धरलेली सुई आणि वरच्या तोंडाशी बारीक जाळी. ती तीन तऱ्हांनी बिघडते, आणि तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत.

सुई उघडतच नसेल तर तो सिलिंडर पूर्ण बंद. गाडी आयडलिंगला हलते, पिकअप एक चतुर्थांश कमी होतो, आणि तो प्लग काढला तर कोरडा व स्वच्छ निघतो. बाकी तीन प्लग तपकिरी आणि एकच कोरा, हे चित्र दिसलं की संशय बरोबर दिशेने चालला आहे असं समजा.

फवारा कमी झाला असेल तर आयडलिंग जवळजवळ ठीक वाटतं आणि त्रास ॲक्सिलरेटर दाबल्यावर सुरू होतो. टर्बो गाडीत सगळ्यात धोक्याचा प्रकार हाच. टर्बोचा दाब चढल्यावर एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं, ज्वलन गरम होतं, नॉकिंग (अवेळी, धक्क्याचं ज्वलन) सुरू होतं आणि त्याचा भार पिस्टनवर येतो. लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) चारही सिलिंडरच्या धुराची सरासरी मोजतो, त्यामुळे एकट्याची उपासमार त्याला नीट दिसत नाही. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत टर्बोवर ओढू नका.

सुई पूर्ण मिटत नसेल तर इंजेक्टर ठिबकतो. गाडी गरम बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करायला गेलं की स्टार्टर बराच वेळ फिरतो, मग काळ्या धुराचा एक लोट येतो आणि गाडी सुरळीत होते. सकाळी थंड असताना मात्र ती लगेच सुरू होऊ शकते, म्हणून मालक बॅटरीवर आणि पंपावर पैसे घालवतो. ठिबकणारं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर पुरावा हातात आला.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, नुसता लागलेला नसेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतं आहे आणि तो तापतो आहे. गाडी बाजूला घ्या.

कॉइल आधी, इंजेक्टर शेवटी

१.८ टर्बोमध्ये प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसते, आणि या पिढीच्या कॉइल खराब होण्यासाठी जगभर ओळखल्या जातात. त्यामुळे स्कॅनरवर (दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरची मिसफायर (ज्वलन चुकणं), दिसली की पहिला संशय कॉइलवर घ्या. सिलिंडरचे नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूने मोजायचे. बेल्टजवळचा एक नंबर.

दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत हलला, म्हणजे कॉइलच बदला आणि इथेच थांबा. कोड दोनवरच राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करा. तरीही दोनच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. नव्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९ ते १४ बार असतं, झिजेची मर्यादा ७ बार, आणि दोन सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे गेज मुंबईपेक्षा पाचेक टक्के कमी दाखवतो. आकडा थोडा खाली आला म्हणून घाबरू नका, चौघांतला फरक पाहा.

कोड पी०२०१ ते पी०२०४ यांपैकी असेल तर गोष्ट वेगळी. तो थेट इंजेक्टरच्या विजेच्या जोडणीबद्दल बोलतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या स्कॅनरवर हेच कोड १६५८५ ते १६५८८ असे दिसतात. तिथे कॉइल बदलून बघण्यात वेळ घालवू नका, पण इंजेक्टरही लगेच मागवू नका. आधी कपलर (वायर इंजेक्टरला जोडणारं सॉकेट) आणि वायर तपासा. वीस वर्षांच्या उष्णतेनं या कपलरचं प्लॅस्टिक कडक होतं, आतली पिन मागे सरकते, वायर कपलरच्या तोंडाशीच तुटते आणि वरच्या आवरणामुळे तुटलेली दिसत नाही. इंजिन चालू असताना कपलर हलकेच हलवा. मिसिंग जात-येत असेल तर इंजेक्टर निर्दोष आहे.

मल्टीमीटर, कान आणि एक बल्ब

इंजिन पूर्ण थंड असताना कपलर काढून इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. या गाडीचे इंजेक्टर जास्त रोधाचे आहेत. १२ ते १७ ओहमच्या दरम्यान आकडा यायला हवा. चौघांचे आकडे एकमेकांपासून एक ओहमच्या आत हवेत, आणि माझ्या मते मॅन्युअलमधल्या आकड्यांपेक्षा हीच कसोटी जास्त खरी. तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना १३ ओहम दाखवणारा इंजेक्टर ८० अंशांच्या इंजिनावर १६ दाखवेल. म्हणून दोन थंड आणि दोन गरम अशी तुलना कधी करू नका. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटली, दोन-तीन ओहम म्हणजे आत शॉर्ट.

रोध बरोबर आला म्हणजे इंजेक्टर चांगला असं होत नाही. मोजमाप फक्त कॉइलचं झालं, सुईचं नाही. त्यासाठी कान लावा. इंजिन आयडलिंगला ठेवून लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाशी. चारही ठिकाणी सारखाच टणक टिकटिकाट हवा. एक मऊ किंवा गप्प असेल तर तोच. पेचकस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर धरा.

गप्प असलेल्या इंजेक्टरचा कपलर काढून त्यात छोटा एलईडीचा टेस्टर लावा. इंजिन फिरत असताना एका पिनेवर बॅटरीचे बारा व्होल्ट कायम येतात. दुसरी पिन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ग्राउंडला जोडतो आणि सोडतो, त्यावर सुई उघडते. इंजिन फिरताना टेस्टर लुकलुकला तर ईसीयू आणि वायरिंग ठीक, इंजेक्टर मेला. लुकलुकला नाही तर इंजेक्टर बदलून काहीही होणार नाही. मोठा बल्ब लावू नका, ईसीयूवर ताण येतो. आणि इंजेक्टर उघडतो का हे बघायला त्याला थेट बॅटरी लावून धरू नका. ही कॉइल काही मिलिसेकंदांच्या ठोक्यांसाठी गुंडाळलेली आहे, काही सेकंदांत ती जळते. सुस्थितीतले इंजेक्टर असे जळालेले अनेक गॅरेजमध्ये सापडतील.

रेग्युलेटर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

रेलच्या टोकाला बसलेला प्रेशर रेग्युलेटर आतल्या रबरी पडद्यावर चालतो. पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून सरळ इंटेकमध्ये जातं. लक्षणं हुबेहूब ठिबकत्या इंजेक्टरसारखी: काळा धूर, गरम असताना उशिरा स्टार्ट, पेट्रोलचा वास. तपासणी दहा सेकंदांची आहे. रेग्युलेटरवरची बारीक नळी काढा आणि तिच्या तोंडाशी वास घ्या. आत पेट्रोल ओलं असेल तर रेग्युलेटर बदला. याच्या अंगावर दाब कोरलेला असतो, तीन बार किंवा चार बार. नवा त्याच आकड्याचा घ्या. चारचा लावला तर प्रत्येक फवारा मोठा होईल आणि तुम्ही नवाच गोंधळ उभा कराल.

दाब मोजायचा गेज मिळत असेल तर नळी काढलेली असताना तीनच्या रेग्युलेटरवर तीन बार आणि नळी लावल्यावर आयडलिंगला सुमारे अडीच बार दिसायला हवा. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी किमान दोन बार शिल्लक राहिला पाहिजे. शिल्लक दाब घसरला तर गळती तीन जागी असू शकते: इंजेक्टर, रेग्युलेटर किंवा टाकीतल्या पंपाचा एकदिशा व्हॉल्व्ह. हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

साफ करायचा की बदलायचा

विजेचा दोष असेल तर साफसफाईने काही होत नाही, तो एक इंजेक्टर बदला. फवारा कमी किंवा ठिबक असेल तर चारही काढून टेस्ट बेंच असलेल्या गॅरेजमध्ये न्या. तिथे अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन, चारही एकाच वेळी काचेच्या नळ्यांवर चालवून ठरावीक वेळात किती पेट्रोल पडलं ते डोळ्यांनी दिसतं. साफ करण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही मोजमापं समोर उभं राहून बघा आणि लिहून घ्या. चारही एकमेकांच्या पाच टक्क्यांच्या आत आले आणि फवारा धुक्यासारखा पडत असेल तर तेच परत लावा. धुतल्यानंतरही एक मागेच राहिला तर तो बदला. ठिबक तपासताना पंपाचा पूर्ण दाब असताना एका इंजेक्टरमधून मिनिटाला एक-दोन थेंब चालतात, त्याहून जास्त नको.

पेट्रोलमध्ये टाकायच्या साफसफाईच्या बाटल्या हलक्या चिकट थरावर थोडं काम करतात. तुटलेल्या सुईवर, अडकलेल्या जाळीवर त्यांचा उपयोग नाही.

नवा इंजेक्टर घेताना रंगावर जाऊ नका. जुन्याच्या अंगावर कोरलेला बॉशचा पूर्ण नंबर उतरवून घ्या आणि तोच मागा. तोच दिसणारा, तोच कपलर बसणारा, पण वेगळ्या प्रवाहाचा इंजेक्टर बाजारात सहज मिळतो. तो बसतोही, गाडी सुरूही होते, आणि एक सिलिंडर कायम जास्त किंवा कमी पेट्रोलवर चालत राहतो. छोटी ग्वालटोलीच्या दुकानांत विचारताना जुना इंजेक्टर हातात घेऊन जा. खोक्यावरचा आणि अंगावरचा नंबर जुळतो का, अक्षरं धातूवर नीट उमटलेली आहेत की छापलेली आणि नखाने निघणारी, हे तिथेच बघा.

ओ-रिंगचं मात्र काही चालवून घेऊ नका. प्रत्येक इंजेक्टरला वर एक आणि खाली एक. एक बदलत असाल तरी आठही नव्या घ्या, कारण रेल उचलली की चारही सील हलतात आणि वीस वर्षांची रबर पुन्हा बसत नाही. बॉशच्या या जातीच्या वरच्या ओ-रिंगचं माप आतून ७.५२ मिलिमीटर आणि जाडी ३.५३ मिलिमीटर आहे. ओ-रिंगच्या दुकानात याला २०३ नंबर म्हणतात. खालच्या जुन्या मोजून खात्री करा. माल व्हायटॉनचाच (इंधनात टिकणाऱ्या रबराचा) हवा. साधी काळी नायट्राइल दिसायला तशीच असते, पण आजच्या पेट्रोलमध्ये फुगते. सोबत इंजेक्टरच्या चार क्लिपा, पेट्रोल फिल्टर आणि रेलच्या नळ्या कडक झाल्या असतील तर आर९ दर्जाची नळी व क्लॅम्प घ्या.

ई२० आणि तुमच्या गाडीचं मीटर

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, आणि इंजेक्टरच्या निदानात याचा थेट संबंध येतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे त्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन. ईसीयू लॅम्डा सेन्सरवरून हे शिकतो आणि लाँग टर्म ट्रिम, म्हणजे त्याने शिकून घेतलेली इंधनाची टक्केवारी, तेवढी वर सरकते. स्कॅनरवर अधिक सात-आठ टक्के दिसलं आणि कोणी ‘चारही इंजेक्टर चोक’ म्हणालं तर ऐकू नका. निरोगी गाडीही ई२० वर एवढी दाखवेल. अधिक पंधरा-वीस झालं तर शोध घ्या, आणि तेव्हाही आधी फाटलेल्या व्हॅक्यूम नळ्या, मग फिल्टर, मग इंजेक्टर.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात दोन-तीन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवण्याने उलट नुकसान होतं.

काम कुठे आणि केव्हा

सकाळी, उघड्यावर, सावलीत. इंजिन रात्रभर थंड झालेलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकते आणि तळघराच्या पार्किंगमध्ये साचते. म्हणून अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये हे काम करायचं नाही. शेजारी गॅस गीझर, इस्त्रीचा ठेला, तुळशीपाशी लावलेली निरांजन काही नको. पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताच्या अंतरावर. उजेडासाठी बॅटरीवरचा एलईडी टॉर्च, वायरचा बल्ब नाही.

हत्यारं थोडी लागतात: ५ मिलिमीटरची ॲलन की, टॉर्क रेंच, चपटा पेचकस, अणकुचीदार टोकाचा पिक, नळ्यांच्या क्लॅम्पसाठी पक्कड, हवेचा कॉम्प्रेसर किंवा मऊ ब्रश, चिकटपट्टी, मार्कर, धागे न सुटणारी सुती फडकी, चष्मा आणि पेट्रोल चालणारे हातमोजे. टॉर्क रेंच सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांतून घेताना ५ न्यूटन-मीटरपासून सुरू होणारा घ्या; चाकांच्या नटांसाठीचा मोठा रेंच इथे बोल्ट तोडेल.

बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे का बघा. जुन्या स्कोडाचा रेडिओ वीज गेली की कोड मागतो.

रेल उतरवणं

टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा. फ्यूज पेटीच्या झाकणावरचा तक्ता पाहून पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. पुन्हा दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. रेलमधला दाब गेला, पण पेट्रोल आत आहेच, हे विसरू नका. इग्निशन बंद, मग बॅटरीचा मायनस काढा.

वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा. आता जी पायरी घाईत सुटते ती करा: प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाभोवतीची धूळ हवेने किंवा ब्रशने पूर्ण उडवा. माळव्याची काळी माती आणि ऑइल यांची तिथे घट्ट पुटं बसतात. इंजेक्टर उचलला की ती खालच्या भोकातून सरळ इंटेक व्हॉल्व्हवर पडते. खडीचा एक कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला तर कॉम्प्रेशन जातं आणि हेड उघडावं लागतं.

कपलरना चिकटपट्टी लावून १ ते ४ नंबर टाका. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण कपलर उलटसुलट लागले तरी इंजिन चालतं. इंजेक्टर आपल्या वेळी नाही, दुसऱ्याच्या वेळी फवारतो, पेट्रोल बंद व्हॉल्व्हमागे थांबतं आणि पुढच्या फेरीला आत जातं. आयडलिंग किंचित खडबडीत, पिकअप किंचित मंद, कोड काही नाही. अशी चूक शोधायला आठवडा जातो.

कपलर धरून ठेवणारी तारेची क्लिप पिकने हलकेच सोडवा आणि कपलरचं अंग धरून ओढा, वायर धरून नाही. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा. पुरवठ्याची आणि परतीची नळी वेगवेगळी खूण करून ठेवा. एकच इंजेक्टर बदलायचा असेल आणि नळ्यांना पुरेसा ढिलेपणा असेल तर त्या न उघडताच रेल वर उलटवता येते. नळी उघडली नाही तर गळतीची एक जागा कमी. उघडायच्याच असतील तर फडकं गुंडाळून हळू सोडा.

रेलचे दोन बोल्ट काढा. दोन्ही हातांनी दोन टोकांना धरून रेल सरळ वर ओढा, थोडी पुढे-मागे हलवत. एक बाजू आधी उचलली तर दुसऱ्या बाजूचा इंजेक्टर तिरका होऊन खालच्या, तो ज्यात बसतो त्या कपाची कड फोडतो. एखादा इंजेक्टर खालीच राहिला तर गोल फिरवत हाताने काढा. पेचकस खाली घालून उचकटू नका. तो ज्या कपात बसतो तो प्लॅस्टिकचा आहे, आणि त्याला तडा गेला तर नवी ओ-रिंगही हवा थांबवणार नाही.

उघडी भोकं लगेच स्वच्छ फडक्यांनी बंद करा आणि फडकी मोजा. चार घातली तर चार निघाली पाहिजेत.

बसवणं

कपाची आतली बाजू आणि रेलची तोंडं सुती फडक्याने पुसा. सँडपेपर, वायर ब्रश नको. एक ओरखडा म्हणजे एक गळती. जुन्या ओ-रिंगचा तुकडा आत चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चने बघा. दोन ओ-रिंग एकावर एक बसल्या तर पेट्रोल बाहेर येणारच.

नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं एक बोट लावा. ग्रीस नको, आणि सिलिकॉनचा स्प्रे तर मुळीच नको, कारण सिलिकॉनची वाफ लॅम्डा सेन्सर खराब करते. इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवा, कपलरचं तोंड मूळ दिशेला, क्लिप पूर्ण आत. मग रेल चारही इंजेक्टरसकट कपांवर टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी सारखा दाब देत खाली ढकला. ती मऊपणे ‘खप्’ अशी बसायला हवी. करकर लागली तर थांबा, बाहेर काढा, ओ-रिंग बघा.

बोल्ट हाताने टेकल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी किंचित फिरवून बघा. फिरला तर दोन्ही सील नीट बसल्या आहेत. अडकला तर एक ओ-रिंग चिमटली गेली आहे. ही खात्री आत्ताच करा. मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने १० न्यूटन-मीटर. आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, मनगटाच्या अंदाजावर सोडू नका.

नळ्या, व्हॅक्यूम, कपलर नंबरप्रमाणे. पेट्रोल फिल्टर बदलत असाल तर बाण इंजिनाच्या दिशेला.

पहिला स्टार्ट

फ्यूज लावा, बॅटरी जोडा, पण इंजिन सुरू करू नका. इग्निशन चालू करा, पंप दोनेक सेकंद चालून थांबेल, बंद करा. असं चार वेळा. आता प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या तोंडाभोवती टिश्यू पेपर फिरवा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. ओलसरपणा दिसला किंवा वास वाढला तर रेल परत उतरवा. जास्त आवळून गळती थांबत नाही, कारण इथली सील बोल्टच्या दाबावर चालत नाही. आणि टर्बो तिकडे मागे लाल होणार आहे, हे मनात ठेवून निर्णय घ्या.

कोरडं असेल तर इग्निशन चालू करून ॲक्सिलरेटरला हात न लावता मिनिटभर थांबा. बॅटरी काढल्यावर थ्रॉटल स्वतःला पुन्हा शिकून घेतो. मग सुरू करा. पहिली काही सेकंदं खडखड झाली तर रेलमधली हवा निघते आहे. आयडलिंग चढं राहिलं किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर खालची ओ-रिंग कापली गेली आहे. पाण्याचा बारीक फवारा प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी मारा; जिथे इंजिनाचा सूर बदलेल तिथे दोष. कार्ब क्लीनरने ही तपासणी करण्याची सवय गरम इंजिनावर आग लावते.

इंजिन पूर्ण तापू द्या, बंद करा आणि गरम असतानाच टिश्यू पुन्हा फिरवा. थंडीत न दिसलेली गळती बरेचदा इथे दिसते.

कोड पुसून स्कॅनरवर मेजरिंग ब्लॉक (मोजमापांचे गट) ०१४, ०१५ आणि ०१६ मध्ये मिसफायरचे आकडे शून्य राहतात का बघा. ०३२ मध्ये शिकलेल्या ट्रिम दिसतात. त्या बसायला पन्नासेक किलोमीटर लागतात. शहरातल्या सिग्नलवर भाराची परीक्षा होत नाही. खंडवा रोडच्या भेरूघाटात इंदूरकडे येताना चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेत, इंजिनावर एकसारखा भार देता येतो. तिथे मिसफायर शून्य राहिला तर काम झालं.

जुना इंजेक्टर ठिबकत होता तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पाचशे किलोमीटर थांबू नका. पेट्रोल मिसळलेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला वाचवत नाही. सुमारे साडेचार लिटर लागतं, फोक्सवॅगन ५०२ दर्जाचं. ओला झालेला प्लगही बदला, घट्ट करताना ३० न्यूटन-मीटर.

पेट्रोलने भिजलेली फडकी गोळा करून बंद डब्यात ठेवू नका. उघड्यावर, मुलांपासून दूर, वाळत घाला. मग वेगळ्या पिशवीत बांधून कचरा गाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या, सुक्या कचऱ्यात नाही.